थोर चढाई कोणती?

कसबा पेठेत कबड्डीचा विषय निघाला की एक वाद हटकून पेटतो. फडके हौदाचा चौक असो, तांबट आळीचे तोंड असो की पवळे चौकातला चहाचा बाक, प्रश्न एकच असतो: आजवरची सर्वांत भेदक चढाई कोणत्या संघाची? कुणी पाटण्याच्या प्रदीप नरवालचे नाव घेतो, कुणी बंगळुरूच्या पवन सेहरावतचे. घरचे म्हणून पुणेरी पलटणचे नाव घेणारेही असतात, पण त्यांना आपल्या माणसांचा कैवार घेतल्याचे ऐकून घ्यावे लागते. पलटणची बाजू घेण्यासाठी पुणेरी अभिमानाची गरज नाही, असे माझे मत आहे. खेळाच्या तर्कावरच ती उभी राहते.

आधी मोजपट्टी ठरवू. आज खेळली जाते ती संजीवनी पद्धतीची कबड्डी. गडी टिपला की गुण मिळतो आणि आपला बाद झालेला एक गडी आत येतो. हुतूतूच्या जुन्या गामिनी प्रकारात बाद झालेला गडी बाहेरच बसे. त्यामुळे आज चढाईपटूचे मोल त्याने आणलेल्या गुणांपुरते राहत नाही. तो मैदानात किती वेळ राहतो आणि तो बाहेर गेल्यावर त्याला परत कोण आणतो, हेही पाहावे लागते. ज्याची सारी मदार एकावर, त्या संघाविरुद्ध डाव सोपा असतो: त्या एकाला धरा, बाहेर बसवा आणि सगळा संघ बाद करून लोण चढवा. म्हणून संघाच्या चढाईची थोरवी ठरवताना मी तीन गोष्टी पाहतो. गुण किती आणले, किती जणांनी आणले आणि मुख्य गडी बाहेर असताना काय झाले.

प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा यू मुंबाची चढाई अनुप कुमारच्या डोक्याने चाले. पहिल्या हंगामात त्याने चढाईचे १५५ गुण मिळवले. अंगबळापेक्षा अंदाज, धसमुसळेपणापेक्षा हूल, आणि सहा-सात बचावपटू समोर असले की शांतपणे बोनस रेषेवर पाय, ही त्याची शैली. जोडीला शब्बीर बापू आणि मुंबईच्या मातीत तयार झालेला रिशांक देवाडिगा. २०१५ मध्ये बंगळुरूला ३६-३० असे हरवून मुंबाने विजेतेपद घेतले. आजच्या आकड्यांपुढे ही चढाई किरकोळ वाटेल, पण तिघांत वाटलेल्या आक्रमणाचा पहिला चांगला नमुना तोच होता.

मग आला प्रदीप नरवाल. २०१७ च्या पाचव्या हंगामात त्याने चढाईचे ३६९ गुण केले. हरियाणा स्टीलर्सविरुद्धच्या बाद फेरीत एकट्याचे ३४ गुण, पाटण्याचा विजय ६९-३० असा. त्याच सामन्यातल्या एका चढाईत त्याने समोरचे सहाही गडी टिपले आणि लोणाचे दोन धरून आठ गुण आणले.

त्याची डुबकी जवळून पाहण्यासारखी आहे. दोन बचावपटू हात गुंफून साखळी करतात आणि त्याला मध्यरेषेपासून तोडायला धावतात. दुसरा चढाईपटू अशा वेळी बाजूने निसटू पाहतो. प्रदीप त्यांना जवळ येऊ देतो, साखळी छातीला भिडणार तोच गुडघ्यांत वाकतो आणि गुंफलेल्या हातांच्या खालून डोके काढून मध्यरेषेकडे झेपावतो. पकडणाऱ्यांचा वेग त्यांच्यावरच उलटतो. त्यांचे हात त्याच्या पाठीला लागलेले असतात, म्हणजे तेही बाद. एकट्याची कला म्हणून याहून थोर चढाई मी मानत नाही. पण पाटण्याचे सलग तिसरे विजेतेपद एकट्या प्रदीपचे नव्हते. तो बाहेर असताना मोनू गोयत चढाया करून त्याला आत आणत होता. वादात मोनूचे नाव क्वचितच निघते, आणि नेमकी हीच आपल्या चर्चेची खोट आहे.

पुढची वर्षे एकेकट्या वीरांची. पवन सेहरावतने ५ जानेवारी २०१९ च्या अंतिम सामन्यात चढाईचे २२ गुण मिळवून बंगळुरूला गुजरातविरुद्ध ३८-३३ असे जिंकून दिले. त्याच वर्षीच्या पुढच्या हंगामात हरियाणाविरुद्ध एका सामन्यात ३९ गुणांची नोंद केली. बचावपटूच्या डोक्यावरून झेपावणारा पवन पाहणे हा वेगळाच थरार. पण त्या विक्रमी हंगामात बंगळुरू अंतिम फेरीतही पोहोचले नाही. त्याच हंगामात दिल्लीचा नवीन कुमार सामन्यामागून सामन्यात दहाच्या वर गुण करत गेला, अंतिम सामन्यातही चमकला, आणि विजेतेपद मात्र ३९-३४ असे बंगालने नेले. पुढे दिल्ली ३७-३६ अशी जिंकली तेव्हा नवीनच्या जोडीला विजय मलिक उभा होता. दुसरा गडी मिळाला आणि चषक आला.

आता पुणेरी पलटणचा २०२३-२४ चा दहावा हंगाम. प्रशिक्षक बी. सी. रमेश. चढाईला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि आकाश शिंदे. साखळीत २२ पैकी १७ विजय, दोनच पराभव. उपांत्य फेरीत पाटण्यावर ३७-२१ अशी मात. १ मार्च २०२४ ला हैदराबादला हरियाणावर २८-२५ असा विजय आणि पहिले विजेतेपद. सर्वाधिक चढाई गुणांचा मान दिल्लीच्या आशू मलिकने २७६ गुणांसह मिळवला. पलटणचा एकही गडी त्या आकड्याजवळ नव्हता, तरीही हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू अस्लमच ठरला.

या चढाईचे मर्म पाळीत होते. अस्लम धावत येऊन हाताने टिपायचा, बचाव त्याच्या वेगाशी जुळवून घेईपर्यंत पुढच्या चढाईला मोहित वेगळ्या ढंगाने यायचा. कोपरारक्षकाने कुणाच्या पायाचा अंदाज बांधायचा? अंतिम सामन्यात दोन्ही बचाव घट्ट होते आणि गुण मोजून मापून मिळत होते. तेव्हा मध्यंतराच्या तोंडावर पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गुण आणले आणि पारडे फिरवले. आदल्या हंगामात अस्लम आणि मोहित जायबंदी असताना याच पंकजने उपांत्य सामना काढून दिला होता, पण अंतिम फेरीत पलटण जयपूरकडून २९-३३ अशी हरली. ताफा अपुरा पडला की काय होते, हेही पलटणनेच दाखवले.

आक्षेप येणार: अंतिम सामन्यात २८ गुण करणारी चढाई थोर कशी? आणि हे यश इराणच्या मोहम्मदरेझा शादलूच्या पकडींचे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. शादलूने त्या हंगामात पकडीचे ९९ गुण घेतले. पण बचाव आणि चढाई यांची फारकत करता येत नाही. मागे पकड भक्कम असली की चढाईपटूला उतावीळ व्हावे लागत नाही, तो आपली वेळ निवडतो. पलटणच्या चौघांनी ती निवड डोळसपणे केली, हेच त्यांचे श्रेय.

उलट पुरावाही आहे. अकराव्या हंगामाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ ला पुण्यातच, बालेवाडीत झाला. पाटण्याच्या देवांक दलालने त्या हंगामात ३०० हून अधिक गुण घेतले, जोडीला अयान होता. हरियाणाच्या बचावाने दोघांनाही जखडले आणि ३२-२३ असा चषक नेला. शादलू या वेळी हरियाणात होता. पलटण मात्र अस्लमच्या दुखापतीनंतर बाद फेरीही गाठू शकली नाही. आपला ताफाही एका गुडघ्यावर किती तोलला होता, हे मान्य करायला हवे. म्हणून माझा निवाडा एका हंगामापुरता आहे: संघाची चढाई म्हणून २०२३-२४ ची पलटण, एकट्याची कला म्हणून २०१७ चा प्रदीप.

मात्र या साऱ्या वादाला एक मोठी मर्यादा आहे. आपण फक्त २०१४ नंतरचे बोलतो, कारण आकडे तेव्हापासूनचे आहेत. ज्या पुण्यात डेक्कन जिमखान्याने हुतूतूच्या नियमांना आकार दिला, त्या पुण्याच्या शांताराम जाधवांच्या, राजू भावसारांच्या चढाया केवळ पाहणाऱ्यांच्या आठवणीत उरल्या. महिलांचे तर आजही तेच. २०१२ चा पहिला महिला विश्वचषक जिंकणाऱ्या संघातल्या अभिलाषा म्हात्रेचे पदलालित्य ज्यांनी पाहिले ते आजही वाखाणतात, पण तिच्या गुणांची जंत्री कुठे सापडते? शकुंतला खटावकरांना अर्जुन पुरस्कार मिळाला, त्यांच्या चढाईचे वर्णन मात्र आजच्या मुलींपर्यंत पोहोचले नाही.

आजच्या चढाईची प्रकृती काय म्हणते? वेग वाढला, तंदुरुस्ती वाढली, मॅटवर पाय अचूक पडू लागला. पण दोन चढाया रिकाम्या काढायच्या आणि तिसऱ्या, करो या मरोच्या चढाईत काय ते बघायचे, ही सवय सगळ्याच संघांना लागली आहे. तिसऱ्या चढाईचा नियम खेळ जिवंत ठेवण्यासाठी आणला. त्याने पहिल्या दोन चढायांतला जीव काढून घेतला. नव्या मुलांना डुबकी हवी असते, कारण ती चित्रफितीत शोभते. हूल देणे, कोपऱ्याला नादी लावून मध्यरक्षक टिपणे, बोनस घेता घेता पाय मारणे, हे शिकायला वर्षे लागतात आणि त्याला टाळ्या कमी पडतात.

पेठांमधल्या मंडळांनी आणि जिल्ह्यातल्या संघांनी यातल्या दोन गोष्टी तरी हातात घ्याव्यात. सराव एकेकट्याचा न घेता तिघांच्या पाळीचा घ्यावा, आणि प्रत्येक स्थानिक सामन्याची, मुलींच्या सामन्यांचीसुद्धा, चढाईनिहाय नोंद ठेवावी. वही आणि पेन्सिल पुरते. तसे झाले तर पुढच्या पिढीचा हा वाद तोंडच्या आठवणींवर आणि टीव्हीवरच्या आकड्यांवर अडून राहणार नाही, आणि त्यात आपल्या मुलींची नावेही असतील.