फीचरचे प्रकार आणि ‘गुजिश्ता लखनौ’ : एक परीक्षण

प्रास्ताविक

पत्रकारितेच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत फीचरच्या प्रकारांची यादी दिलेली असते : वृत्ताधारित, ऐतिहासिक, व्यक्तिचित्रणात्मक, मुलाखतवजा, प्रवासवर्णनपर, माहितीपर, मानवी स्वारस्याचे, छायाचित्र फीचर इत्यादी. ही यादी पाठ करून उत्तर लिहिता येते. पण प्रत्यक्ष लेख हाती आला की तो नेमका कोणत्या प्रकारात बसवायचा, हे ठरवताना अडचण होते. लखनौत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना लेखनकौशल्य शिकवताना मला ही अडचण दरवर्षी दिसते. म्हणून याच शहरातील एक गाजलेली लेखमाला घेऊन आपण ही यादी तपासून पाहू.

लेखमालेची ओळख

अब्दुल हलीम शरर (1860–1926) हे उर्दूतील कादंबरीकार आणि पत्रकार. 1887 मध्ये त्यांनी ‘दिलगुदाज’ हे मासिक सुरू केले. 1913 पासून त्यात त्यांनी जुन्या लखनौच्या संस्कृतीवर लेखमाला लिहिली. पुढे ती ‘गुजिश्ता लखनौ’, म्हणजे सरलेले लखनौ, या नावाने पुस्तकरूपात प्रसिद्ध झाली. 1975 मध्ये तिचा इंग्रजी अनुवादही आला. अवधच्या नवाबांचा इतिहास, दास्तानगोई, युनानी वैद्यक, कबुतरे, पतंग, प्राण्यांच्या झुंजी, संगीत, पोशाख, पान, हुक्का, स्वयंपाक असे असंख्य विषय तिच्यात येतात.

आज आपण ती इतिहासग्रंथ म्हणून वाचतो. पण ती लिहिली गेली मासिकाच्या वाचकांसाठी, क्रमशः. प्रत्येक विषय वेगळा घ्यायचा, किश्श्यांनी रंगवायचा आणि वाचकाला पुढच्या अंकाची ओढ लावायची, ही फीचरचीच रीत आहे.

प्रकार कशावरून ठरवावा?

विषयावरून प्रकार ठरवायचा म्हटले तर नवाबांवरचे लेख ऐतिहासिक, पतंगावरचा माहितीपर आणि आचाऱ्यांचे किस्से मानवी स्वारस्याचे ठरतील. वर्गीकरण पूर्ण होईल, पण लेख चांगला की वाईट हे त्यातून कळणार नाही. माझ्या मते अधिक उपयोगी प्रश्न वेगळा आहे : लेखकाला ही माहिती कशी मिळाली?

दोन उदाहरणे पाहू.

1) मटिया बुर्ज. 1856 मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले आणि नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटिया बुर्जला जाऊन राहिले. शरर यांचे वडील त्यांच्या पदरी होते, त्यामुळे शरर यांच्या बालपणाचा मोठा काळ तेथेच गेला. नवाबांच्या प्राणिसंग्रहालयाचे ते वर्णन करतात. खोल, निसरड्या कडांचा हौद, त्यात उभारलेला कृत्रिम डोंगर आणि डोंगरावर सोडलेले साप डोळ्यांसमोर उभे राहतात. हे प्रत्यक्षदर्शी फीचर आहे.

2) साखरेची मेजवानी. दिल्लीच्या राजघराण्यातील मिर्झा आसमान कद्र यांना वाजिद अली शाह यांनी जेवायला बोलावले. त्यांच्यासमोर मुरंबा ठेवला होता, पण घास घेतल्यावर तो मांसाचा कोरमा निघाला. काही दिवसांनी मिर्झांनी परतफेड केली. त्यांच्या दस्तरखानावरचे पुलाव, कबाब, रोट्या, लोणची, इतकेच नव्हे तर ताटवाट्यासुद्धा साखरेच्या होत्या. किस्सा अतिशय रंगतदार आहे. पण तो नवाबी काळातला आहे आणि शरर जन्मले 1860 साली. म्हणजे हा किस्सा ऐकीव आहे.

दोन्ही लेख शरर जवळजवळ सारख्याच ठाम स्वरात सांगतात. या लेखमालेचा मुख्य दोष मला येथे दिसतो. पाहिलेले आणि ऐकलेले यांतील रेषा वाचकाला स्वतः शोधावी लागते. प्रयोगवहीत आपण मोजलेले वाचन आणि गृहीत धरलेले मूल्य वेगवेगळे लिहितो. फीचर लिहितानाही तीच शिस्त हवी.

कोण दिसते, कोण दिसत नाही?

नवाब सालार जंग यांच्या आचाऱ्याला महिना 1200 रुपये पगार होता, असे शरर नोंदवतात. नामांकित कारागिरांची नावे ते आदराने घेतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. मात्र त्या मुदपाकखान्यात भांडी घासणाऱ्याला, पाणी भरणाऱ्याला काय मिळत होते, हे समजत नाही. कामकरी माणूस स्वतःच्या तोंडाने बोलतो असे प्रसंग फार थोडे. वैभव मावळल्याची हळहळ इतकी दाट आहे की ते वैभव कोणाच्या कष्टावर उभे होते, हा प्रश्न मागे पडतो.

मराठीत याच्या उलट टोकाचे उदाहरण अनिल अवचट (1944–2022) यांचे. ‘पूर्णिया’ (1969) मध्ये ते बिहारमधील परक्या जिल्ह्यात जातात. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांबद्दल लिहितानाही ते कष्टकऱ्यांमध्ये बसून त्यांचे ऐकतात. त्यांच्या रिपोर्ताजमध्ये आपण कुठे गेलो आणि कोणाशी बोललो हे वाचकाला कळत राहते. शरर यांच्याकडे असलेला पिढ्यांचा सांस्कृतिक संचय मात्र अशा लेखनात येऊ शकत नाही, कारण बाहेरून आलेल्या लेखकाकडे तो नसतोच. दोन्ही पद्धतींना मर्यादा आहेत. त्या ओळखून लिहिणे महत्त्वाचे.

निष्कर्ष

शरर यांनी हे लिहिले नसते तर जुन्या लखनौचे कितीतरी तपशील आपल्यापर्यंत पोहोचलेच नसते. म्हणून दोष दाखवूनही ही लेखमाला मी विद्यार्थ्यांना आवर्जून वाचायला सांगतो. प्रकारांची यादी जरूर लक्षात ठेवा, पण तिच्याशेजारी आणखी एक रकाना आखा : पुरावा कोणता? ऐतिहासिक फीचरला कागदपत्रे लागतात, प्रत्यक्षदर्शी फीचरला स्वतःची हजेरी, व्यक्तिचित्राला त्या व्यक्तीचा सहवास आणि मानवी स्वारस्याच्या फीचरला त्या माणसाचे स्वतःचे शब्द.

स्वाध्याय

1) तुमच्या गावातील एखादा जुना खाद्यपदार्थ निवडून 400 शब्दांचे फीचर लिहा. पाहिलेल्या आणि ऐकीव गोष्टी वेगवेगळ्या शाईने अधोरेखित करा.
2) तो पदार्थ आज बनवणाऱ्या माणसाशी बोला. त्याची रोजची कमाई आणि कामाचे तास त्याच्या संमतीने लेखात द्या. त्यामुळे लेखाचा प्रकार बदलतो का, ते सकारण लिहा.