पत्ते आणि तरवार

खेळावरील परीक्षणांचें परीक्षण वाङ्मयविषयक मासिकांत कशासाठीं, असा प्रश्न आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, ज्या कृतींत कथा आहे, चित्र आहे, संगीत आहे, आणि जिच्याविषयीं शहाणीं माणसें हमरीतुमरीवर येऊन वाद घालतात, ती टीकेच्या कक्षेबाहेर ठेवण्याचें कांहींएक कारण नाहीं. शिवाय प्रस्तुत प्रकरणीं आमचें भांडण खेळाशीं फारसें नाहींच. तें त्याच्या परीक्षकांशीं आहे, आणि तेंहि त्यांनीं खेळाची स्तुति कमी केली म्हणून नव्हे.

ऑस्ट्रेलियांतील ब्रिस्बेन शहरीं ‘डिफायंट डेव्हलपमेंट’ नांवाची एक लहानशी मंडळी होती. तिनें २०१३ सालीं किकस्टार्टरवर लोकांकडे ५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलरांची वर्गणी मागितली, ती पुरी झाली, आणि २०१५ च्या फेब्रुवारींत ‘हॅन्ड ऑफ फेट’ हा व्हिडिओ गेम बाहेर पडला. त्याची रचना थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. मेजापलीकडे तोंड झांकलेला एक पत्ते वाटणारा बसलेला असतो. खेळणारानें आपला कॅट आधीं स्वतः जुळवावयाचा; कोणतीं शस्त्रें, कोणतीं चिलखतें, कोणते प्रसंग त्यांत घालावयाचे हें त्यानेंच ठरवावयाचें. त्यांत वाटणारा आपलीं पानें मिसळतो, पिसतो आणि मेजावर पालथीं मांडतो. तोच प्रवासाचा नकाशा. एक सोंगटी एका पानावरून दुसऱ्या पानावर न्यावयाची. पाऊल पडलें कीं शिदोरी कमी होते, आणि शिदोरी संपली कीं पावलागणिक आयुष्य झिजूं लागतें. पान उलटलें कीं कधीं वाटसरू भेटतो, कधीं दुकान लागतें, तर कधीं चार पानें पालथीं फिरवून त्यांतून एक ओढावयास सांगितलें जातें, आणि त्यावर यश किंवा अपयश लिहिलेलें असतें. कधीं मात्र शत्रूंचीं पानें पडतात. मग मेज नाहींसें होतें, पानांवरचे दरोडेखोर आणि सांगाडे समोर उभे राहतात, आणि खेळणारास हाताच्या चपळाईनें प्रत्यक्ष लढावें लागतें. अंगावर चिलखत कोणतें आणि हातांत तरवार कोणती, तें मात्र पडलेल्या पानांवर अवलंबून. चार रंगांचे गुलाम, राण्या व राजे मिळून बारा, आणि तेरावा स्वतः वाटणारा, इतक्यांस जिंकलें म्हणजे डाव संपला.

ह्या खेळाचें स्वागत चांगलें झालें. पण परीक्षणें एकापुढें एक ठेवून वाचलीं असतां तीं जणूं एकाच ठशांतून काढल्यासारखीं दिसतात. कल्पना अभिनव, वाटणाऱ्याचा आवाज अप्रतिम, पत्त्यांचा भाग चित्तवेधक. लढाई मात्र सुमार आणि तीच तीच, दृश्य दाखविणारा कॅमेरा मधूनच अडखळणारा. कांहींच्या मतें दैवाची लहर जरा अधिकच. आणि तळाशीं एक अंक, दहापैकीं इतके किंवा शंभरापैकीं तितके. गिऱ्हाईक हा अंक पाहून पैसे टाकतें किंवा खिशांत ठेवतें, म्हणून त्याला हंसून सोडून देतां येत नाहीं. लहान मंडळीचें पुढील वर्षाचें अन्न त्यावर अवलंबून असूं शकतें.

आपल्या अलंकारशास्त्रकारांनीं ह्या बाबतींत एक फार उपयोगी भेद करून ठेवला आहे. दोन अलंकार एकत्र आले असतां तीळ आणि तांदूळ मिसळावे तसे ते वेगळे निवडतां येत असतील, तर त्या मिश्रणास ते संसृष्टि म्हणतात. दुधांत पाणी मिसळावें तसे एकजीव झाले असतील, तर संकर. संसृष्टीचे दाणे निवडून प्रत्येकाची प्रत सांगणें न्याय्य आहे. संकराच्या बाबतींत तसें करूं जाणाऱ्या परीक्षकाच्या हातीं दूधहि लागत नाहीं आणि पाणीहि लागत नाहीं. प्रस्तुत खेळ ह्यांपैकीं कोणता, हा पहिला प्रश्न. आणि आमच्या वाचनांत आलेल्या परीक्षणांत तोच विचारलेला नाहीं. पत्त्यांचें एक सूप, तरवारीचें दुसरें, अशी पाखडणी आधींच करून मग सर्वांनीं गुण दिले आहेत.

‘लढाई तीच तीच’ हा आक्षेपच घ्या. हातापुरतें पाहिलें तर तो खरा आहे. शत्रूच्या डोक्यावर चिन्ह चमकलें कीं वार परतवावयाचा, दुसरें चमकलें कीं बाजूस उडी घ्यावयाची, नाहीं तर तरवार चालवावयाची. दहाव्या लढाईंतहि ह्यापलीकडे फारसें कांहीं नाहीं. पण भरपूर शिदोरी, चांगली ढाल आणि निरोगी शरीर घेऊन तीन चोरांपुढें उभें राहणें, आणि शेवटचा घास संपलेला, हातांत गंजकी कुऱ्हाड, मेजावर अजून चार पानें पालथीं, अशा स्थितींत त्याच तीन चोरांपुढें उभें राहणें, ह्या दोन लढाया एकच आहेत असें म्हणणारानें पत्ते पाहिलेच नाहींत. भय तरवारीचें नाहीं, तें मेजावरून आलेलें आहे. येथें दुधांत पाणी मिसळलें आहे, आणि हीच ह्या खेळाची खरी कमाई आहे.

दोष नाहीं असें नव्हे. तो आहे, आणि परीक्षकांनीं दाखविला त्याहून खोल आहे. आम्ही हें नागांवांत बसून लिहीत आहों. अलिबागेच्या दक्षिणेस असलेल्या ह्या सुपारीच्या वाड्यांच्या गांवांत गणपतीच्या जागरणाला पडवींत मेंढीकोटाचा डाव बसतो, आणि पत्त्यांविषयीं येथील जाणत्यांचीं मतें फार ठाम असतात. त्यांपैकीं एका वृद्ध गृहस्थांस आम्हीं हा खेळ दाखविला. त्यांनीं दोन लढाया मुकाट्यानें पाहिल्या आणि मग एवढेंच विचारलें, कीं वाईट पानें आलीं असतां हाताच्या चलाखीनें डाव परत आणतां येत असेल, तर पानें वाटलीं कशाला? आमच्या मतें साऱ्या परीक्षणांत मिळून जें नाहीं तें ह्या एका प्रश्नांत आहे. बोटें तयार झालेल्या खेळणारास लढाईंत ओरखडाहि येत नाहीं. मग कोणतें चिलखत आलें आणि कोणतें शिरलें नाहीं, ह्याचें त्यास सुखदुःख उरत नाहीं. दैवाची सारी मांडामांड शोभेची होते. म्हणजे खोट लढाई सोपी असण्यांत नाहीं. ती जिंकणारास पत्त्यांची गरज उरत नाहीं, ही खोट आहे. संकर सुटून पुन्हां तीळ वेगळे आणि तांदूळ वेगळे होतात.

नियम आणि बाहेरचें जग ह्यांची गांठ किती साध्या युक्तीनें घालतां येते, ह्याचें उदाहरण आमच्याच कोंकणांत आहे. सावंतवाडीस ज्या दशावतारी गंजिफा रंगविल्या जातात त्यांत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकीं राजा व प्रधान धरून बारा पानें, अशीं एकशेंवीस गोल पानें असतात. दशावतारी डावाचा परंपरागत संकेत असा, कीं दिवसां खेळ असेल तर ज्याच्याकडे रामाचा राजा आला त्यानें उतारी करावयाची, रात्रीं असेल तर ज्याच्याकडे कृष्णाचा आला त्यानें. सूर्य मावळला कीं त्याच पानांचा मान बदलतो! ह्याला कॅमेराहि लागला नाहीं आणि तरवारहि नाहीं.

वाटणाऱ्याविषयीं सर्वांनीं एकमुखानें जें चांगलें लिहिलें तें आम्हांस मान्य आहे. पण तें ‘आवाज’ ह्या सदराखालीं लिहिलें, हें मान्य नाहीं. तो खेळणारानें निवडलेल्या पानांवर बोलतो, त्याच्या भित्रेपणावर बोलतो, लढाईंतून जखमी होऊन परत आलेल्यास टोमणा मारतो. मेज आणि रणांगण ह्यांमध्यें जा-ये करणारा तोच एक. किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० सालीं पुण्यांत रंगभूमीवर आलें, तेव्हांपासून आपल्याकडेहि गाणें आणि नाटक ह्यांच्या नात्याचा वाद चालत आलेला आहे, आणि संविधानक, स्वभावचित्रण, भाषा, पदें असे खण पाडून परीक्षणें लिहिण्याची खोड आमच्याहि लोकांस होती. तथापि देवलांच्या ‘शारदे’चें मर्म पदें वेगळीं काढून कोणास सांगतां येईल? तेथें बोलण्यांतूनच गाणें निघतें. खाडिलकरांनीं गद्य ‘कीचकवध’ १९०७ सालीं लिहिलें आणि संगीत ‘मानापमान’ १९११ सालीं. पैकीं दुसऱ्यांतून गाणीं काढून घेतलीं तर मागें पहिल्यासारखें नाटक उरेल, असें म्हणण्यास कोणी धजणार नाहीं.

उलट बाजूचें उदाहरणहि द्यावयास हवें, नाहीं तर परीक्षकांवर अन्याय होईल. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या मंडळीचा ‘राजी’ हा खेळ २०२० सालीं निघाला. त्यांत पत्ते नाहींत. सर्कशींतली एक मुलगी राक्षसांनीं पळविलेल्या आपल्या भावाच्या शोधांत निघते, आणि दुर्गा व विष्णु तिच्या प्रवासावर आपसांत बोलत असतात. परदेशांतील परीक्षकांनीं चित्रांस आणि संगीतास मनापासून वाखाणलें, लढाई अवघडलेली आणि खेळ आंखूड म्हणून नापसंति दाखविली, आणि त्याच वर्षीं ‘गेम अवॉर्ड्स’ मध्यें पहिल्या पदार्पणाच्या पारितोषिकासाठीं त्याचें नामनिर्देशनहि झालें. येथें आम्ही त्यांच्याशीं सहमत आहों. भिंतींवरील पुराणकथा पाहून झाल्यावर जी लढाई येते तिला त्या कथांचें कांहीं देणें नसतें. देव बोलतात खरे, पण त्यांच्या बोलण्यानें त्रिशूळाचा एक वारहि वेगळा पडत नाहीं. तीळ आणि तांदूळ मुळांतच वेगळे होते. ते निवडून दाखविणारास दोष कसा द्यावा? आपल्या पुण्याची कृति म्हणून हें लिहितांना हात अडखळतो, पण लिहिलें पाहिजे.

ब्रिस्बेनच्या मंडळीनें परीक्षणें वाचलीं होतीं, असें २०१७ च्या नोव्हेंबरांत आलेल्या दुसऱ्या भागावरून वाटतें. लढाईंत शस्त्रांचे प्रकार वाढले, सोबतीस साथीदार आले, नशीब आजमावण्यासाठीं फांसे आले, लंबक आला. ‘लढाई सुधारली’ असें म्हणून परीक्षकांनीं पाठ थोपटली. सुधारली हें खरें. आणि साथीदार ही कल्पना तर फारच चांगली, कारण तो पत्ता म्हणून हातांत येतो आणि माणूस म्हणून शेजारीं लढतो. परंतु लंबक योग्य क्षणीं थांबविणें हें पुन्हां बोटांचेंच काम आहे. पहिल्या भागांत मेजावर तरी दैव पुष्कळसें दैव होतें. दुसऱ्यांत तेथेंहि चपळाईस वांटा मिळाला. नागांवच्या त्या गृहस्थांचा प्रश्न तेथें अधिकच जोरानें विचारावा लागेल.

२०१९ च्या जुलैंत ह्या मंडळीनें नवें काम बंद करीत असल्याचें जाहीर केलें. तिसरा भाग निघाला नाहीं. ज्यांस हे खेळ पाहावयाचे असतील त्यांनीं पहिला आधीं घ्यावा, तो दमानें खेळावा, आणि बोटें तयार होण्यापूर्वीं, म्हणजे साधारण पहिले पांचसहा राजे-राण्या पडेपर्यंत, वाटणारा काय बोलतो तें नीट ऐकून ठेवावें.