‘स्त्री-पुरुष तुलना’ : जबाब कोणी द्यावयाचा?

ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध १८८२ साली पुण्यास छापला गेला. त्याची लेखिका मात्र वऱ्हाडातील बुलढाण्याची. सुरतेच्या विजयालक्ष्मी नामक विधवेस अर्भकहत्येबद्दल १८८१ साली फाशीची शिक्षा झाली. ती पुढे अपिलात सौम्य करण्यात आली. परंतु त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीवर टीकेची झोड उठली. प्रस्तुत निबंध हे तिला दिलेले प्रत्युत्तर होय. १९७५ साली स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. तेव्हापासून स्त्रीदुःखाचा आक्रोश म्हणून त्याचा गौरव होत आला आहे. हा गौरव अपुरा आहे.

वस्तुतः ताराबाई जबाब मागतात. त्या अर्भकास पिताही होता. आरोपीच्या पिंजऱ्यात मात्र एकटी विधवा उभी राहिली. स्त्रीवर लादलेला एकेक दोष उचलून पुरुषाच्या पारड्यात घालावयाचा आणि काटा कोठे झुकतो ते वाचकास दाखवावयाचे, ही या निबंधाची रीती आहे. पुनरुक्ती, विषयांतर आणि सर्व पुरुषांस एकाच मापाने मोजण्याची घाई हे त्यातील दोष उघड आहेत. परंतु त्यांमुळे मूळ प्रश्नाची धार बोथट होत नाही.

याच वऱ्हाडात, तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी येथे वास्तव्य करणाऱ्या तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ १९५५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील ‘महिलोन्नति’ हा अध्याय स्त्रीच्या शिक्षणाचा व सन्मानाचा पुरस्कार करतो. ही भूमिका उदार आहे यात शंका नाही. तथापि स्त्रीची उन्नती साधणे वेगळे आणि सत्ताधारी पुरुषास जबाब विचारणे वेगळे. पहिल्याने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

ती उणीव किती महाग पडते, हे ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याने दाखविले. १९७२ साली तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन शिपायांवर आला. सत्र न्यायालयाने मुलीच्या पूर्वचारित्र्यावर बोट ठेवून त्यांस सोडले. नागपूर खंडपीठाने दोषी ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली, अंगावर जखमा नाहीत या कारणास महत्त्व देऊन, पुन्हा मुक्त केले. ठाण्याच्या बंद दाराआड गणवेशापुढे मुलीचा प्रतिकार कितीसा चालावा, हा विचार निर्णयात झाला नाही. १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार व रघुनाथ केळकर या विधि-अध्यापकांनी खुल्या पत्राने तो पुढे मांडला. १९८३ साली कायदा पालटला. ताब्यातील स्त्रीवरील बलात्कारास अधिक कठोर शिक्षा ठरली. आणि अशा खटल्यात संबंध सिद्ध होऊन स्त्रीने संमती नाकारली, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असा नियम झाला. प्रश्नाचा रोख आरोपीकडे वळावयास एक शतक लागले.

ताराबाईंचा निबंध केवळ व्यथा म्हणून वाचणारा समीक्षक नकळत जुन्याच न्यायासनावर बसतो : तो स्त्रीचे दुःख तपासतो, पुरुषाची सत्ता तपासत नाही. निबंधाची मागणी नेमकी याच्या उलट आहे.