गैरहजर मतदाराचा पत्ता

निवडणुकीवरच्या आपल्या मराठी लेखनात दोन शब्दांनी कायमचे ठाण मांडले आहे: 'टक्का' आणि 'उदासीनता'. टक्का घसरला की मतदार उदासीन, वाढला की जागरूक. 'मतदान' हा मूळ शब्दच या समजुतीला खतपाणी घालतो. दान करायचे की नाही हे दात्याच्या मनावर. ते झाले नाही तर दोष त्याच्या वृत्तीचा. जनजागृतीची भित्तिपत्रके, अग्रलेख, शाळांच्या प्रभातफेऱ्या, सगळे या वृत्तीलाच हाक मारतात. माझे म्हणणे असे, की मत पडणे न पडणे हे पुष्कळदा मतदाराच्या मनापेक्षा नियमांवर ठरते. इंदापूर-बारामतीच्या उसाच्या फडात ते उघड्या डोळ्यांना दिसते.

मी वालचंदनगरचा. वालचंद हिराचंद यांच्या साखर कारखान्याभोवती वसलेल्या या गावाला गळीत हंगाम नवा नाही. दिवाळी सरता सरता भवानीनगरपासून माळेगाव-सोमेश्वरपर्यंतच्या कारखान्यांच्या शिवारात कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगर, जालन्याकडच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मार्चपर्यंत, त्यांचा मुक्काम इथेच. मतदार यादीतले नाव मात्र गावाकडे.

१९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २० सांगते, की तात्पुरते बाहेर गेल्याने कुणाचा 'सर्वसाधारण रहिवास' संपत नाही. ही तरतूद माणसाच्या बाजूची आहे, तिच्यामुळे स्थलांतरिताचे नाव कापले जात नाही. पण मत द्यायला त्या गावच्या केंद्रावर स्वतः हजर राहावे लागते. टपाली मतपत्रिकेची सोय सैनिकांना, निवडणूक कामावरच्या कर्मचाऱ्यांना, अलीकडे ८५ वर्षांवरील वृद्धांना आणि ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांना आहे. तोडणी कामगार त्यांत बसत नाही. म्हणजे यादी त्याला गावात धरून ठेवते, पोट फडात आणि टक्केवारी त्याला गैरहजर मांडते.

आता पंचांग पाहा. २००४, २००९, २०१४ आणि २०१९ या चारही विधानसभा निवडणुकांचे मतदान ऑक्टोबरात, कोयता बाहेर पडण्याच्या आधी किंवा त्या सुमारास झाले. २०२४मध्ये ते २० नोव्हेंबरला गेले, आणि हंगामाचा मुहूर्त होता १५ नोव्हेंबर. त्याच वर्षी लोकसभेसाठी बारामतीत ७ मेला आणि बीडमध्ये १३ मेला मतदान झाले, तेव्हा टोळ्या घरी परतलेल्या होत्या. मतदार तोच, वर्ष तेच, वृत्तीही तीच. बदलली ती तारीख.

यावर कायद्याचे उत्तर आहे पगारी सुट्टी. १९५१च्या कायद्यातील कलम १३५-ब ती देते. पण टनावर मजुरी मिळवणाऱ्याला पगारी सुट्टी म्हणजे काय? त्याच्या हिशेबात त्या दिवसाचे नाव 'खाडा', आणि तो भरून द्यावा लागतो. शिवाय बीडला जाऊन-येऊन एका दिवसात भागत नाही. मग उमेदवाराची गाडी येते. मतदारांना केंद्रापर्यंत फुकट नेण्यासाठी वाहन ठरवणे हा कलम १२३(५) प्रमाणे भ्रष्ट आचार. थोडक्यात, स्वतःच्या खर्चाने जाणे परवडत नाही आणि दुसऱ्याच्या खर्चाने जाणे बेकायदा. जो तरीही गाडीत बसतो, त्याचे मत गाडीवाल्याच्या उपकाराखाली पडते. ज्या गावात त्याची गरज उमेदवाराला वाटली नाही, तिथे गाडीच येत नाही.

टक्केवारी यातले काहीच सांगत नाही. राज्याचा आकडा २०१९च्या सुमारे ६१ टक्क्यांवरून २०२४मध्ये सुमारे ६६वर गेला आणि त्याचे कौतुक झाले. कौतुक रास्तच होते. पण एकूण आकडा वाढत असतानाच एखाद्या तांड्याचा, वस्तीचा आकडा कोसळू शकतो, आणि सरासरी त्यावर पांघरूण घालते.

'दाना'ची भाषा शेवटी कुठे नेते हे शेजारच्या गुजरातने दाखवले. तिथे स्थानिक निवडणुकांत मतदान सक्तीचे करणारे विधेयक २००९मध्ये संमत झाले, २०१४मध्ये त्याला राज्यपालांची संमती मिळाली आणि २०१५मध्ये उच्च न्यायालयाने अंमलबजावणीला स्थगिती दिली. तो कायदा इथे असता तर नोटीस पहिल्यांदा कुणाच्या कोपीवर आली असती? उलट दिशेचा प्रयत्नही झाला. निवडणूक आयोगाने ७२ मतदारसंघांचे मतदान हाताळू शकणाऱ्या दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला आणि जानेवारी २०२३मध्ये पक्षांना चर्चेला बोलावले. पक्षांनी आक्षेप घेतले आणि तो मागे पडला. आक्षेप पोकळ नव्हते: परजिल्ह्यातल्या केंद्रावर मतदान प्रतिनिधी कोण बसवणार, आचारसंहिता कुठल्या गावाला लावणार? तरीही विस्थापित काश्मिरी पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विशेष केंद्रे उघडली गेलीच. जिथे हवे होते तिथे केंद्र मतदारापर्यंत गेले.

यंत्राची वाट न पाहता करता येण्याजोगी एक गोष्ट आपल्या राज्याच्याच हातात आहे. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. २०१२मध्ये त्या ७ फेब्रुवारीला झाल्या, २०१७मध्ये १६ आणि २१ फेब्रुवारीला. म्हणजे ऐन हंगामात. कारण सांगितले जाते की मुदती मार्चमध्ये संपतात. पण घटनेचे कलम २४३-ई मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण करा एवढेच म्हणते. आधीच्या ऑक्टोबरात घ्यायला ते आड येत नाही. आणि मार्च २०२२मध्ये मुदती संपल्यावर आरक्षणाच्या वादात ह्याच निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या, प्रशासकांनी कारभार हाकला. खटल्यासाठी जी तारीख इतकी मागे जाऊ शकते, ती कोयत्यासाठी चार महिने पुढे का आणता येऊ नये? रस्ता, शाळा, दवाखाना हे ज्या सभागृहात ठरते, त्याच सभागृहाच्या मतपेटीपासून त्यांची सर्वाधिक गरज असलेला माणूस दर पाच वर्षांनी दूर ठेवला जातो. त्याला उदासीन म्हणण्याआधी तो त्या दिवशी कुठल्या फडात होता, हे आपल्या अभ्यासकांनी एकदा विचारावे.