‘पुरावा नाही’ म्हणजे ‘उपयोग नाही’ नव्हे

जुनाट सायनसायटिसवर अँटिबायोटिकच्या गोळ्या बऱ्या, की औषध थेट नाकात सोडणं बरं? उत्तरासाठी २०१६चा कॉक्रेन आढावा उघडला, तर हाती येतात फक्त ५ चाचण्या आणि २९३ रुग्ण. पाचही चाचण्या पोटात घ्यायच्या औषधांच्या. नाकात सोडायच्या औषधाची एकही निकषांत बसली नाही. म्हणजे तुलना झालीच नाही! लेखक हे सरळ सांगतात, ही आढाव्याची जमेची बाजू. पण घाईत वाचणारा ‘पुरावा नाही’चं ‘उपयोग नाही’ करून टाकतो. माझ्या पहिल्या मसुद्यात मीही तेच केलं होतं, गाइडनी खोडलं.

आता २००१ची कॅनडातली एक छोटी चाचणी बघा. एकूण २० रुग्ण. एका गटाला नेब्युलायझरमधून टोब्रामायसिन मिसळलेलं सलाइन, दुसऱ्याला नुसतं सलाइन. सुधारणा दोन्हीकडे दिसली. दुसरा गट नसता, तर सगळं श्रेय टोब्रामायसिनला गेलं असतं. पण २० रुग्णांत लहानसा फरक नजरेतून सुटूही शकतो. त्यामुळे औषध बाद ठरवायलाही हा आकडा अपुराच.

म्हणून निष्कर्षावर उडी मारण्याआधी विचारा: समोरच्या गटाला काय दिलं? रुग्ण किती? औषध थांबवल्यावर काय झालं? आढाव्यात ३ महिने मॅक्रोलाइड घेतलेल्यांना थोडा फायदा दिसला, पण गोळ्या बंद झाल्यावर पुढच्या ३ महिन्यांत तो उरला नाही. महिनोन्‌महिने गोळ्या खाणाऱ्या रुग्णासाठी हा शेवटचा प्रश्नच सगळ्यात महत्त्वाचा.