अलेग्रो म्हणजे नक्की किती?

पाश्चात्त्य संगीतातल्या गतिसंज्ञांचा तक्ता तुम्ही पाहिला असेलच: आंदान्ते ७६ ते १०८, अलेग्रो १२० ते १६८, वगैरे. सरावाला तो ठीक आहे. पण मी तो संशोधनात प्रमाण मानून चाललो आणि फसलो. कसा, ते सांगतो.

बेथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीचा पहिला भाग घ्या. वर लिहिलंय ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’, म्हणजे जोशपूर्ण अलेग्रो. १८१७ मध्ये बेथोव्हनने आपल्या सिम्फनींचे मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले, त्यात या भागाला मिनिटाला १०८ ठोके दिलेत. तक्त्यात १०८ शोधा. आंदान्ते! एवढा झपाट्याचा भाग चक्क चालीचा ठरतो. गोम अशी की हा ठोका हाफ नोटचा आहे, आणि इथे एका हाफ नोटमध्ये अख्खा बार संपतो. ठोका कशाचा, हे तक्ता विचारतच नाही.

सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग: ‘अलेग्रेत्तो’, क्वार्टर नोटला ७६. तक्त्याप्रमाणे हा आकडा फार कमी. मग ‘बेथोव्हन चुकला’ असं लिहायचा मोह होतो. पण अलेग्रेत्तो म्हणजे थोडं सौम्य अलेग्रो, संथ नव्हे. फुर्टवेंगलर तर हा भाग ७६ पेक्षाही बराच संथ घेतो. ऐकायला भारदस्त वाटतं, पण एक लांब, दोन आखूड, दोन लांब या ठेक्याची चाल जड होते आणि शोकयात्रा तेवढी उरते.

मुळात हे शब्द मेट्रोनोमच्या कितीतरी आधीचे. मेल्त्सेलने पेटंट घेतलं १८१५ मध्ये. इटालियनमध्ये अलेग्रो म्हणजे आनंदी, आंदान्ते म्हणजे चालणारं. आपण अलेग्रोला सरळ ‘द्रुत’ म्हणतो, तेव्हा अर्धा अर्थ तिथेच गळतो. खुद्द बेथोव्हनलाही ही अडचण जाणवत होती. संगीत आनंदी नसतानाही त्यावर ‘अलेग्रो’ लिहावं लागतं, अशी तक्रार त्याने १८१७ मध्ये मोझेलला लिहिलेल्या पत्रात केली आहे.

म्हणून संज्ञा हाती आली की आकडा लावण्याआधी विचारा: हा शब्द कोणाचा, कधीचा, आणि मोजलंय नेमकं काय? माझ्या नोंदवहीत आधी ‘गती’ असा एकच रकाना होता. आता तीन आहेत: शब्द, तालचिन्ह, ठोक्याची नोट. काम तिप्पट झालं, पण बेथोव्हनला चूक ठरवायची वेळ आली नाही.