‘माहिती देते’ म्हणजे नेमकी कोणती?

एआय एजंटला नेटवर्कचा डेटा तपासायला जी साधनं देतात, त्यांच्या वर्णनांत आपल्याला एक वाक्य हमखास भेटतं: ‘आयपी पत्त्याची माहिती देते.’ वाक्य खोटं नाही, पण लक्षण म्हणून सदोष आहे. ‘शिंगं असतात ती गाय’ म्हटलं की म्हैसही आत शिरते. नैयायिक याला अतिव्याप्ती म्हणतात. इथेही तेच. पत्ता कुणाच्या नावावर नोंदलेला आहे, हे एक. बीजीपीत त्याचा मार्ग सध्या कोणतं नेटवर्क जाहीर करतं, हे दुसरं. दोन्ही ‘माहिती’च! माणूस विचारेल, ‘अहो, यातली कोणती?’ एजंट बहुधा वर्णनावरच विसंबतो आणि भाडेकरू विचारला तर घरमालक सांगून मोकळा होतो.

म्हणून आपण लिहावं: ‘मार्ग जाहीर करणाऱ्या नेटवर्कचा क्रमांक देते, नोंदणीदार सांगत नाही. उत्तर रिकामं आलं, तर आमच्या निरीक्षण-केंद्रांना मार्ग दिसला नाही, एवढंच समजावं.’ हे शेवटचं वाक्य गाळू नये. दिसण्याजोगं असूनही दिसलं नाही, तरच अभाव सिद्ध होतो. योग्यानुपलब्धी ती हीच. ही केंद्रं सगळं इंटरनेट पाहत नाहीत. ते सांगितलं नाही, तर एजंट चालू नेटवर्कलाही बंद ठरवेल, आणि तेही ठामपणे.